रानपिंगळा, एक खोटं लेबल आणि ‘कशावरून?’

मागच्या वेळी आपण पेपरचा अ‍ॅब्स्ट्रॅक्ट कसा वाचायचा ते पाहिलं. त्यानंतर पेट आणि नेटची तयारी करणाऱ्या काही जणांनी एकच गोष्ट विचारली: पेपरचं परीक्षण करायचं म्हणजे नक्की काय करायचं? चुका शोधायच्या, की ‘हा पेपर फार महत्त्वाचा आहे’ असं छान शब्दांत लिहायचं?

दोन्ही नाही. आज एक पेपर घेऊन बघू. तो मुद्दाम माझ्या विषयाबाहेरचा घेतलाय. मी नदीच्या गाळातले जड धातू मोजते, पक्षी हा माझा रविवारचा छंद. त्यामुळे या पेपरसमोर तुम्ही आणि मी एकाच बाकावर आहोत. पण सुरुवात पेपरपासून नाही, आमच्या एका फसलेल्या सहलीपासून करते.

तानसातली सकाळ

टिटवाळ्याला राहण्याचा एक फायदा आहे. अंगारकी नसेल तर सकाळी कसाऱ्याकडे जाणाऱ्या लोकलमध्ये बसायला जागा मिळते. खडवली, वासिंद, आसनगाव आणि चौथं आटगाव. तिथून पुढे तानसा अभयारण्याचं जंगल. मुंबईला पाणी देणाऱ्या तलावाभोवतीचं हे पानगळीचं रान आपल्या ठाणे जिल्ह्यातच आहे, तरी आपल्यापैकी बरेच जण तिथे कधी गेलेले नसतात.

फेब्रुवारीतल्या एका रविवारी आम्ही चौघं गेलो होतो. साधारण नऊ वाजता एका निष्पर्ण झाडाच्या शेंड्यावर एक छोटं घुबड बसलेलं दिसलं. सूर्य त्याच्या मागे होता. दहा-बारा सेकंदांनी ते उडालं. कॅमेऱ्यात आली ती काळी आकृती. डोकं, पाठ, पोट, काहीच वेगळं कळत नव्हतं.

आता या दहा सेकंदांची किंमत सांगते. आपल्याकडे सगळीकडे दिसतो तो ठिपकेदार पिंगळा. त्याच्या डोक्यावर आणि पाठीवर भरपूर पांढरे ठिपके असतात. त्याचा दुर्मीळ भाऊबंद म्हणजे रानपिंगळा. याच्या डोक्यावर आणि पाठीवर ठिपके जवळपास नसतात, पोट स्वच्छ पांढरं, शेपटीवर ठळक पट्टे, पायांवर दाट पिसं. हा दिवसाही बराच जागा असतो आणि उघड्या फांदीवर बसतो. जगात फक्त मध्य आणि पश्चिम भारतात सापडणारा हा पक्षी २०१४ मध्ये तानसात नोंदवला गेला. सुनील लाड आणि रोहिदास डगळे यांनी ती नोंद ‘जर्नल ऑफ थ्रेटन्ड टॅक्सा’मध्ये प्रसिद्ध केली. तो पेपर फुकट वाचायला मिळतो, जरूर वाचा.

त्यामुळे आमच्यातला एक जण लगेच म्हणाला, “लिही की रानपिंगळा. इथे तो आहेच. नऊ वाजता उघड्यावर बसला होता, अजून काय पाहिजे?”

मला मोह झाला, खोटं कशाला बोलू. पण वहीत मी लिहिलं: ‘पिंगळा, प्रजाती अनिश्चित, उजेड मागून’. परतीच्या गाडीत त्यावरून वासिंदपर्यंत वाद चालला. मित्राचा मुद्दा साधा होता: “समजा तो रानपिंगळाच असेल, तर तू खरी नोंद गमावलीस.” मला तेव्हा नीट उत्तर देता आलं नाही. आजचा पेपर त्याच प्रश्नाबद्दल आहे.

पेपर काय म्हणतो

पेपर १९९९ चा, ‘आयबिस’ या ब्रिटिश पक्षिशास्त्रीय नियतकालिकातला. लेखक पामेला रासमुसेन आणि नायजेल कॉलर. विषय: रानपिंगळ्याच्या एका नमुन्याबाबतची फसवणूक.

पार्श्वभूमी अशी. रानपिंगळ्याचा पहिला नमुना १८७२ मध्ये आजच्या छत्तीसगडच्या भागात एफ. आर. ब्लेविट यांनी मिळवला. १८७३ मध्ये अ‍ॅलन ऑक्टेव्हियन ह्यूम यांनी त्याचं शास्त्रीय वर्णन केलं आणि प्रजातीला ब्लेविट यांचं नाव दिलं. (हो, पुढे काँग्रेसच्या स्थापनेत पुढाकार घेणारे तेच ह्यूम.) नंतर ओडिशाच्या बाजूने एक नमुना आला. १८८० च्या दशकात जेम्स डेव्हिडसन या आयसीएस अधिकाऱ्याने आपल्या खानदेशातून, म्हणजे तळोदा-शहादा भागातून, काही नमुने गोळा केले. संग्रहालयांत सगळे मिळून अवघे सात नमुने. त्यातल्या सहांची शेवटची तारीख १८८४.

सातवा नमुना वेगळा होता. त्याच्या लेबलवर ऑक्टोबर १९१४ आणि गुजरातेतलं तापीकाठचं मांडवी असं लिहिलं होतं. गोळा करणारा कर्नल रिचर्ड माइनर्टझहागेन. ब्रिटिश लष्करी अधिकारी, गुप्तहेर आणि त्या काळातला मोठा पक्षितज्ज्ञ. सालिम अली १९३७ मध्ये त्याच्यासोबत अफगाणिस्तानच्या पक्षी-मोहिमेवर गेले होते, यावरून त्याचं वजन लक्षात येईल. विसाव्या शतकातला रानपिंगळ्याचा एकमेव पुरावा म्हणजे हे लेबल. साहजिकच ते पुस्तकांत गेलं. १९७० च्या दशकात रिप्ले आणि सालिम अली यांनी या पक्ष्याचा शोध घेतला, पण तो सापडला नाही.

पेपरचा दावा असा: मांडवीचा नमुना मांडवीचा नाहीच. तो डेव्हिडसनने १८८० च्या दशकात तयार केलेला नमुना आहे. तो ब्रिटिश संग्रहालयातून चोरला गेला, उसवून पुन्हा भरला गेला आणि त्याला नवीन लेबल लावलं गेलं.

काय पटलं

पहिली गोष्ट, पुरावा कुठे शोधला ते बघा. माणूस १९६७ मध्ये वारला होता, साक्षीदार कोणी नव्हता. उरलं होतं फक्त कातडं.

अभ्यासासाठी पक्षी जपताना कातडं काढून आत कापूस वगैरे भरतात, शिवतात आणि पायाला लेबल बांधतात. प्रत्येकाची पद्धत वेगळी: चीर कुठे द्यायची, टाके कसे घालायचे, आत काय आणि किती भरायचं. आपल्या नेहमीच्या शिंप्याचा टाका आपण ओळखतो, तसंच. लेखकांनी मांडवीच्या नमुन्याची आतून-बाहेरून तपासणी केली, क्ष-किरण चित्रं काढली आणि डेव्हिडसनने तयार केलेल्या पक्ष्यांशी तुलना केली. नमुना पुन्हा भरताना जुन्या हाताच्या सगळ्या खुणा पुसल्या गेल्या नव्हत्या.

इथे थांबून एक शब्द वहीत लिहा: कंट्रोल. ‘हा टाका डेव्हिडसनचा वाटतो’ असं नुसतं म्हणणं म्हणजे मत. डेव्हिडसनचे निर्विवाद नमुने शेजारी ठेवून तेच म्हणणं म्हणजे पुरावा. तुमच्या प्रस्तावात तुलनेचा गट कोणता, हा प्रश्न मुलाखतीत हमखास येतो. त्याचं याहून चांगलं उदाहरण मला माहीत नाही.

दुसरी गोष्ट, युक्तिवादाची बांधणी. एकेक धागा स्वतंत्रपणे घेतला तर कच्चा आहे. तारखेचा घोळ? विसरला असेल. १९१४ च्या नोव्हेंबरच्या सुरुवातीला हा माणूस पूर्व आफ्रिकेत टांगाच्या लढाईत होता, तेव्हा ऑक्टोबरातली धावपळ समजू शकते. नमुना पुन्हा भरलेला? दुरुस्ती केली असेल. पण एकमेकांवर अवलंबून नसलेले चार-पाच धागे एकाच दिशेला ओढत असतील, तर प्रत्येकासाठी वेगळी सबब शोधावी लागते. आणि सबबींची संख्या वाढली की संशय वाढतोच.

तिसरी गोष्ट मला सगळ्यांत मोलाची वाटते. या संशयातून काम निघालं. १९१४ चं लेबल बाजूला केल्यावर प्रश्न बदलला: खरे नमुने कुठून आले होते? तिथे जाऊन बघा. रासमुसेन, बेन किंग आणि डेव्हिड अ‍ॅबट १९९७ च्या नोव्हेंबरात आधी पूर्वेकडच्या जुन्या ठिकाणी गेले. तिथे काही मिळालं नाही. मग खानदेशात आले. २५ नोव्हेंबरच्या सकाळी शहाद्याजवळ, तोरणमाळच्या पायथ्याच्या रानात, रानपिंगळा दिवसाढवळ्या फांदीवर बसलेला दिसला. शेवटच्या खऱ्या नोंदीनंतर ११३ वर्षांनी.

काय खटकलं

आता परीक्षणाचा अवघड भाग. चांगल्या पेपरबद्दल तक्रार करताना आधी ठरवायचं की तक्रार पेपरची आहे, की पेपर वाचणाऱ्यांची. नवखे वाचक इथेच गोंधळतात. माझ्या तीन तक्रारींपैकी दोन वाचणाऱ्यांबद्दल आहेत.

एक. ही गोष्ट सांगताना लोक म्हणतात: त्याने मांडवीचं खोटं लेबल लावलं, म्हणून सगळे चुकीच्या जागी शोधत राहिले. ऐकायला छान, पण पेपर इतकंच सिद्ध करतो की हा नमुना मांडवीचा नाही. ‘मांडवीच्या बाजूला रानपिंगळा नाही’ असं त्यातून निघत नाही. आणि पुढे काय झालं? २०१५ मध्ये गुजरातेतल्या डांगच्या पूर्णा अभयारण्यातून रानपिंगळ्याची नोंद त्याच ‘थ्रेटन्ड टॅक्सा’मध्ये प्रसिद्ध झाली. म्हणजे दक्षिण गुजरातेत हा पक्षी खरोखर आहे!

मग माइनर्टझहागेन बरोबर होता का? नाही. त्याने लावलेला तर्क चांगला असेल. असा पक्षी तिथे असू शकतो, हे त्याच्यासारख्या जाणत्याला कळलं असेल. पण तर्क लेबलवर लिहायचा नसतो, लेबलवर घडलेलं लिहायचं असतं. खोटी नोंद योगायोगाने खऱ्याच्या जवळ गेली तरी ती नोंद होत नाही. उलट जाणत्या माणसाची खोटी नोंद जास्त घातक. ती इतकी पटण्यासारखी असते की कोणी तपासत नाही.

याच न्यायाने, शहाद्याला पक्षी सापडला म्हणून फसवणूक सिद्ध झाली, असंही नाही. १९९७ मध्ये काहीच सापडलं नसतं तरी टाक्यांचा पुरावा होता तेवढाच राहिला असता. हे दोन दावे वेगळे आहेत. पेपर छापून आला तो पक्षी सापडल्यावर, त्यामुळे वाचताना यशाची झळाळी नकळत युक्तिवादालाही चढते. ती पुसून वाचायची सवय लावा.

दोन. ‘हरवलेला पक्षी’ हा शब्द. ११३ वर्षं दिसला नाही, हे शास्त्राच्या नोंदींपुरतं खरं. पण त्या ११३ वर्षांपैकी त्या रानात ओळखू शकणारं कोणी किती दिवस उभं होतं? ‘दिसला नाही’ आणि ‘बघितलंच नाही’ या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. १९९७ नंतर फराह इश्तियाक आणि असद रहमानी यांच्यासारख्या अभ्यासकांनी पद्धतशीर सर्वेक्षणं केली, तेव्हा मेळघाटासह आणखी ठिकाणी तो सापडला. तानसा तर मुंबईच्या लोकलवर आहे, तरी २०१४ उजाडलं. तुमच्या निष्कर्षांत जेव्हा ‘आढळले नाही’ असं वाक्य येईल, तेव्हा शेजारी लिहा: किती ठिकाणी, किती वेळ, कोणत्या पद्धतीने शोधलं. नाहीतर ते वाक्य फक्त तुमच्या उपस्थितीबद्दल सांगतं.

तीन. ही तक्रार पेपरबद्दल आहे. पेपरचा भर नमुन्यावर आहे, संस्थेवर नाही. पण माइनर्टझहागेनवरचा संशय नवा नव्हता. परवानगीशिवाय नमुने बाहेर नेल्याबद्दल १९१९ मध्येच त्याला ब्रिटिश संग्रहालयाच्या पक्षीदालनात दीड वर्ष बंदी होती. तरी पुढे तो परत आला आणि १९५४ मध्ये त्याने आपला सुमारे वीस हजार पक्ष्यांचा संग्रह त्याच संग्रहालयाला दिला. उघड छापील आरोप यायला १९९३ उजाडलं. त्या वर्षी अ‍ॅलन नॉक्स यांनी ‘आयबिस’मध्येच त्याच्या रेडपोल पक्ष्यांच्या नमुन्यांची फसवणूक मांडली. इतकी वर्षं कुजबुज होती, पण कागदावर काही नव्हतं. का? एवढी मोठी देणगी देणाऱ्याला प्रश्न विचारणं कोणालाही जड जातं, हा माझा अंदाज. तो अंदाज म्हणूनच घ्या. पण एका नमुन्याचा निकाल लावताना ‘हे इतके दिवस चाललं कसं’ यावर थोडं अधिक वाचायला मला आवडलं असतं. कारण मोठं नाव असलेल्या माणसाचा डेटा तपासायचा प्रसंग तुमच्या-माझ्यावरही येणार आहे.

अ‍ॅमेझॉनचा एक माणूस

उलट बाजूचं एक उदाहरण. पक्षी बघणाऱ्यांचं स्वप्न म्हणजे अ‍ॅमेझॉनच्या वर्षावनातल्या एखाद्या लॉजवर आठवडाभर राहणं. आपल्याकडचेही हौशी लोक हल्ली जातात आणि येताना शेकडो नावांची यादी आणतात. पण तिथे झाडोरा इतका दाट की पक्षी दिसण्यापेक्षा ऐकू जास्त येतात. मग यादीवर विश्वास ठेवायचा कसा?

टेड पार्कर हा अमेरिकन अभ्यासक दक्षिण अमेरिकेतले पक्षी आवाजावरून ओळखण्यात वाकबगार होता. १९९३ मध्ये इक्वेडोरमध्ये विमान अपघातात तो गेला. त्याच्या कानावर सगळ्यांचा विश्वास होता, तरी तो टेप चालू ठेवायचा. त्याची दहा हजारांहून जास्त ध्वनिमुद्रणं कॉर्नेल विद्यापीठाच्या संग्रहात आहेत. तो चुकला असेल तर आज कोणीही ऐकून सांगू शकतं.

गंमत म्हणजे माइनर्टझहागेनही पकडला गेला तो नमुना शिल्लक होता म्हणून. त्याने नुसतं ‘मांडवीला पाहिला’ असं लिहिलं असतं, तर आपण आजही वाद घालत बसलो असतो. पार्करची टेप आणि डेव्हिडसनचा टाका यांच्यात हे साम्य आहे: दोन्ही पुरावे अनोळखी माणसाच्या हातात गेल्यावरही बोलतात.

माझ्या दोन बाटल्या

आता माझं सांगते, म्हणजे वरचं प्रवचन वाटणार नाही.

पीएचडीच्या पहिल्या पावसाळ्यात मी काळू नदीच्या गाळाचे नमुने घेतले. बारा ठिकाणं, बारा बाटल्या. घरी येईपर्यंत दोन बाटल्यांवरची शाई पाण्याने धुऊन गेली. दहा बाटल्या वाचता येत होत्या, म्हणजे उरलेल्या दोन कोणत्या हे माहीत होतंच. फक्त कोणती पुलाच्या वरच्या अंगाची आणि कोणती खालच्या, एवढाच प्रश्न. मला आठवत होतं. गाळाचा रंगही सांगत होता. मी मार्कर काढला आणि दोन्हींवर लिहून टाकलं.

आठवड्याने गाईडना सहज सांगितलं. मॅडम रागावल्या नाहीत. एवढंच म्हणाल्या, “अगं, असेलही बरोबर. पण कशावरून?”

मी म्हटलं, “रंगावरून.”

“आणि तू पेपरात काय दाखवणार आहेस? वरच्या आणि खालच्या गाळात फरक आहे, हेच ना? मग फरक बघून लेबल लावलंस आणि लेबल बघून फरक दाखवणार?”

दोन्ही बाटल्या बाद. पाणी उतरेपर्यंत थांबावं लागलं, म्हणजे तो हंगाम त्या दोन जागांपुरता गेला. माझ्या तक्त्यात आजही तिथे दोन रिकाम्या चौकटी आहेत आणि खाली कारण लिहिलंय. प्रगती अहवालाच्या सादरीकरणात त्या चौकटींवर प्रश्न आला, तेव्हा कान गरम झाले होते. पण उत्तर देता आलं.

मी चोरी केली नव्हती. माझी आठवण बहुधा बरोबरच होती. तरी लेबलवर मी लिहिलं होतं ते घडलेलं नव्हतं, मला वाटलेलं होतं. कर्नलसाहेबांच्या लबाडीशी याची बरोबरी करत नाही. पण वाट तीच आहे आणि तिची पहिली पायरी फार सोपी आहे, एवढं मात्र त्या दिवशी कळलं.

तुम्ही काय करायचं

पुढचा पेपर वाचताना चार प्रश्न समासात लिहा. पेपर नेमकं काय सिद्ध करतो आणि लोक त्यातून काय जास्तीचं काढतात? तुलनेला काय ठेवलंय? निकाल उलटा आला असता तर युक्तिवाद तेवढाच टिकला असता का? आणि पन्नास वर्षांनी अनोळखी माणसाला हे तपासायचं असेल तर त्याच्या हातात काय असेल? एवढी उत्तरं प्रामाणिकपणे लिहिलीत की परीक्षण झालंच. कौतुक आणि तक्रार दोन्ही त्यातून आपोआप येतात.

आणि लेबल पेन्सिलीने लिहा. ते शाईसारखं धुऊन जात नाही. एक बाटलीवर, एक कागदाचं बंद पिशवीत घालून आत.

राहता राहिला माझ्या मित्राचा प्रश्न. खरी नोंद गमावली का? असेलही. तानसातल्या त्या झाडावर कदाचित रानपिंगळाच बसला होता. पण मी ‘रानपिंगळा’ लिहिलं असतं तर उद्या तिथल्या रानपिंगळ्यांची संख्या काढणाऱ्याने माझा अंदाज मोजला असता, पक्षी नाही. त्याला हे सांगितलं. त्याला अजून पूर्ण पटलेलं नाही. पुढच्या रविवारी परत जातोय, या वेळी सूर्य पाठीशी ठेवून.